तीनशे साडेसदतीस भागिले

हनुवटी इथे. कपाळ पुढे टेकव.
लाल ठिपक्याकडे बघ, म्हणते मी
दिवसातून चाळीसदा, घोडपदेवच्या या दुसऱ्या मजल्यावर.
प्राप्ती कोयंडे, वय सतरा,
वर्षात तीनदा नंबर बदललेला.

तिच्या कॉर्नियावर कड्या उमटतात,
एकात एक, बावीस.
वरच्या बाजूला ऐसपैस, खाली दाटलेल्या,
भाऊच्या धक्क्याला लाँच लागताना
सगळे एकाच कडेला सरकतात तशा.

वडील मागे उभे. दारूखान्यात एकतीस वर्षं लेथवर.
"हा लाल काय, उंचवटा?"
उंचवटा नाही, बाक. जरा जास्तच वळलाय तिथे.
"त्रिज्या?"
असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
साडेसहा मिलिमीटर, म्हटलं. आणि सूत्रही सांगून टाकलं.

कानावरची पेन्सिल काढून
पावतीच्या पाठीवर त्यांनी भागाकार मांडला,
तीनशे साडेसदतीस भागिले साडेसहा.
एक्कावन्न पॉइंट नऊ. पडद्यावरही तेच.
क्षणभर खूश झाले,
जॉब मापात उतरल्यासारखे.

"आणि जाडी?"
चारशे एकतीस मायक्रॉन.
ओठ हलवत ते सुतांत मोडू लागले.
सुताचा सातवा हिस्साही भरेना.
"म्हणजे फिनिशिंगलासुद्धा माल नाही उरला."

पोरीने ऐकलं.

आधी खालच्या कड्या फुटल्या,
मग सगळ्याच विरघळल्या.
यंत्र म्हणालं, पुन्हा घ्या.
त्याला पाणी लागतं, केसाच्या विसाव्या हिश्शाइतकं,
त्याहून जास्त आलं की आकडाच देत नाही.

मी कापूस दिला. थांबलो तिघंही.
अंधारात फक्त पंख्याचा आवाज,
आणि ते, माझ्याकडे न बघता:
"लहानपणी फार चोळायची डोळे.
कामावरून आलो की बिलगायची.
शर्टात लोखंडाचा कीस असायचा."
मी काही बोलले नाही.
आम्ही मोजायचं, सांगायचं डॉक्टरांनी.

मग त्यांनी तिच्या डोक्यामागे तळवा धरला,
ढकलला नाही, नुसता टेकवला.
पापणी मिट. उघड. अजून मोठी.
कड्या परत आल्या,
वाकड्याच, पण बावीसच्या बावीस.
बटण दाबलं.

नकाशा छापून दिला तेव्हा
मी सवयीने दुमडायला गेले.
त्यांनी हातातून काढून घेतला,
ड्रॉइंगसारखी गुंडाळी केली, वर रबर चढवलं.
"घडी नको, बाई.
रेघ नेमकी डोळ्यावर येईल."