तिसरा गिअर

लुगोच्या चढावर, लाकडांच्या ट्रकमागे
साबेला चौथ्यातच. काटा अठराशेवर.
शेजारी बाप, सेवेरिनो, गुडघ्यावर टोपी:
"राहू दे. डिझेल आहे. पीळ इथंच असतो."

खोटं नव्हतं. बैलासारखं मान घालून रेटत होतं इंजिन,
पण ट्रकची नंबरप्लेट काही जवळ येईना;
ओल्या निलगिरीचा वास तेवढा येत राहिला.

तिनं क्लच दाबला. तिसरा.
काटा अडीच हजारांपार.
पीळ जरा सैलावला, पण फेरे वाढले,
आणि चाकांपर्यंत पोचेस्तोवर
दात्यांनी त्याचा जवळजवळ दीडपट केला.
ट्रक आरशात गेला.

सेवेरिनो गप्प.
बऱ्याच वेळानं, उतारावर:
"तुझी आईपण असंच करायची,
मी झोपलोय असं वाटलं की."