लाल नळ

मे लागला की कुंदा गीझर बंद करायची.
रुवीतल्या गच्चीवर टाकी रटरटायची,
निळ्या नळाला कढत पाणी
आणि लाल नळाला गार.
हे उलटं गणित तिनं घराला पाठ करवलं,
आधी मला (दोनदा भाजल्यावर),
मग सुहृदला,
मग नातीला, बादलीत बसवून.
बाल्कनीत निडोच्या डब्यातला कढीलिंब,
त्यालाही लाल नळाचंच.

यंदा ती मार्चमध्येच गेली.
गीझर चालू राहिला,
कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
काल दोन्ही नळ सोडले,
दोन्हींतून वाफ.
मी तसाच उभा, साबण लावलेला.

बाहेर नात पुटपुटली, "आजीचं बटण!"
खट् आवाज आला.
"थांबा आजोबा,
उद्यापर्यंत निवेल."