चौथी बेस

मार्केट यार्डात माझा काटा आहे, हळदीची पोती तोलायचा.
आज सकाळी हमाल यायच्या आत
त्यावर माझ्या तिन्ही गिटारी ठेवून बघितल्या, एकेक करून.

पहिली चार किलो शंभर.
बाबासो मगदूमनं ऑर्केस्ट्रा मोडला
तेव्हा थकलेल्या सुपाऱ्यांच्या बदल्यात दिलेली.
काळी. पिकअपच्या कडेला बिडीचा चटका.
आवाज उसाच्या ट्रॉलीसारखा,
आधी उंबऱ्याला कळतो, मग कानाला.

दुसरी पाच तारांची, चार किलो नऊशे, हप्त्यांवर घेतलेली.
पाचवी तार वर्षातनं दोनदा लागते,
एकदा गणपतीत
आणि एकदा चुकून.

तिसरी तीन किलो सहाशे. पुराआधी किती होती माहीत नाही.
एकोणीस साली ती माळ्यावर होती
आणि पाणी माळ्यावर आलं.
ओसरल्यावर बघतो तर मानेला बाक, पडद्यांना गंज.
मी पडदेच उपटले, खाचांत लांबी भरली.
तेव्हापासून ती कुठल्याच सुराला सरळ हो म्हणत नाही,
थोडी अलीकडं, थोडी पलीकडं,
उज्ज्वलासारखी,
चौथीचा विषय काढला की.

"तीन हायत की. बोटं तेवढीच न्हवं?"

बोटं तेवढीच नाहीत, हे मी घरात बोललेलो नाही.
डाव्या हाताची करंगळी गेल्या दिवाळीपासून उशिरा येते,
यार्डातल्या एका शिपायासारखी,
सही वेळेवर, माणूस मागनं.

मिरजेच्या दुकानात दोन तास काढले.
पोरगा उत्साही. ही लाल, ही मॅपलची,
हिला पाच बटणं, काका, पाहिजे तो आवाज काढा.
मी प्रत्येकीवर तेच केलं,
एक मोकळी तार छेडायची
आणि सूर कुठं संपतो ते ऐकत बसायचं.
पोरग्याला वाटलं, ह्यांना वाजवता येत नाही.

बाहेर पडलो, चहा घेतला,
आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो, काम काहीच नसताना.
निजामचाचा जवारी लावत बसलेले.
घोडीवर धागा सरकवायचा, ऐकायचं,
परत केसभर मागं.
मी तिघींची वजनं सांगितली, किमती सांगितल्या.
"ते ऱ्हाऊ द्या. तिघींत मिळून काय न्हाई?"
मी म्हटलं, बघायला लागंल.
त्यांनी चौथी तार छेडली, पितळेची, खर्जाची.
भोपळा माझ्या गुडघ्याला टेकला होता,
सूर गुडघ्यातनं वर आला.
"ही काय करती? नुसती बसून असती.
उठवून बघा एकदा. गाणारा पडतोय."

परत दुकानात गेलो.
कोपऱ्यात, कीबोर्डच्या खोक्यांमागं, एक आखूड मानेची,
चॉकलेटी, एकच बटण,
किमतीच्या चिठ्ठीवरची शाई उडालेली.
ही लहान पोरांची, पोरगा म्हणाला.
मी हातावर तोलली, तीन किलो दोनशे,
काट्यावर नंतर तेवढंच भरलं.
करंगळी पहिल्या पडद्यावर
वेळेत हजर.
दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा परत हजर.
पैसे देताना मी पोरग्याला
भाचीसाठी घेतोय, असं सांगितलं. भाची नाही मला.

घरी कुणी भांडलं नाही.
"खिळा कुठं ठोकणार?" एवढंच,
आणि भिंतीवर जागा नव्हती म्हणून ती दिवाणावर राहिली,
उशीला टेकून, पाहुणीसारखी.

रात्री जाग आली. बाजूला कोणी नाही.
बाहेरच्या खोलीत दिवा न लावता
एक मोकळी तार वाजली.
मग बराच वेळ काही नाही.
मग तीच तार, परत,
आणि सूर पार संपेपर्यंत कोणी हललं नाही.

तिला वाजवता येत नाही,
असं इतकी वर्षं मला वाटत होतं.