दोनदा मोजलेले पत्ते

चवथीची दुसरी रात्र. माशेलचं घर.
माटोळीखाली चटई, चटईवर आम्ही चौघे,
आणि भाचा मेघश्याम, मांडवीतल्या बोटीवर पत्ते वाटणारा,
दीड दिवसाच्या रजेवर.
गोंयकाराला तिथे खेळायला मनाई आहे, वाटायला नाही.
म्हणून तो वर्षभर वाटतो
आणि खेळायला घरी येतो.

"तीन पत्ती पुरे, मामा," म्हणाला, "हे शिक."
दोन पानं हातात, पाच मधे, सगळ्यांची.
एकतीस वर्षं कदंबाच्या बसमध्ये तिकिटं फाडली मी,
सुट्टे पैसे मला अंधारात बोटांनी कळतात.
म्हटलं, वाट.

मला आली बदामाची अठ्ठी नि नव्वी.
मधे उघडली बदाम सत्ती, किलवर छक्की, बदामाचा राजा.
तसं बघितलं तर हातात काहीच नाही,
साधी जोडीसुद्धा नाही.
पण काही नसण्याचेही प्रकार असतात:
एक रिकामी बस डेपोत पंक्चर होऊन उभी असते,
आणि एक रिकामी बस
जत्रेच्या संध्याकाळी म्हार्दोळच्या स्टॉपवर येते.

चौथं पान किलवरची राणी. कुणाच्या कामाची नाही.
इनास, उल्हास, शांबा, तिघांनी पानं टाकली.
मधे साठ रुपये. मेघश्यामने तीस सरकवले,
बोटीवर सरकवतात तसे, मनगट न हलवता.

मी मोजलं. बदाम उरले नऊ.
पंज्या चार, दश्श्या चार, कुठलीही आली की ओळ लागते.
नऊ नि आठ सतरा.
न दिसलेली पानं सेहेचाळीस.
तीस टाकायचे, नव्वद उचलायला;
चारांत एकदा जिंकलो तरी फिटंफाट,
आणि माझं पान तर तिनांत एकदा येतंय.
जीव घाबरत होता, हिशेब घाबरत नव्हता.
टाकले तीस.

शेवटचं पान इस्पिकची दुर्री.

मेघश्यामकडे दुसरा राजा होता. सगळी नाणी त्याने ओढली,
माझी पानं उलटून पाहिली नि हसला:
"सतरा नाहीत, मामा, पंधरा.
बदामाची पंजी नि बदामाची दश्शी दोनदा मोजलीस,
एकदा रंगात, एकदा ओळीत.
तरी खेळलास बरोबर. पुढच्या वेळी हेच कर."

हरलेल्याला बरोबर म्हणणारा खेळ
साठीनंतर पहिल्यांदा पाहिला.
आमच्या तिकिटाच्या पेटीत हे चालत नसे.
तिथे कमी भरलं की खिशातून.

दोन वाजता विहिरीवर पाय धुताना
तो म्हणाला, दीड लाख लागतील.
आधी हिशेब शिकवला, मग पैसे मागितले;
पोरगा कच्चा नाही.
बोट सोडायची आहे. दारू प्यालेले लोक
याच्या हातून हरतात नि याच्याकडेच बघत राहतात,
ते आता रात्री स्वप्नात येतात.
मग त्याने दारं मोजली, ओल्या बोटांवर:
जहाजावरचं स्वयंपाकघर, एक.
आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट, दोन;
कागद लिस्बनचा आंतोनकाका करून देईल.
तिथे हॉटेलात काम, तीन;
ते आंतोनकाका बघेल.
राहायला खोली, चार...

"कोणाची?"
"आंतोनकाकाची."

रहाटाचा दोर थेंब थेंब गळत होता.
आत कुणीतरी घुमट बडवून पाहिलं नि ठेवून दिलं.
मला माझी बदामाची दश्शी आठवली.

काका वजा करूनही काही उरत होतं.
किती, ते दोन पायऱ्या चढेपर्यंत ठरेना:
इथे सेहेचाळीसातली किती पानं आपली
हे कोणी उघडून दाखवत नाही,
आणि मधे किती पडलेत, तेही नाही.
आतापर्यंत काही नसलेला मुलगा.
पण डेपोतला नव्हे.

म्हटलं, सोमवारी ये. बँक दहाला उघडते.
हो म्हटलं नाही मी.
येताना आजोबांचा दाखला आण,
आणि काका एकदाच मोज.