हातचा एक

केप्याच्या कोर्टाचा बेलीफ आला, इनासियो फुर्तादो,
स्कूटरवरून, हेल्मेटमध्ये मूठभर बिंबलं,
वाटेत कुणी दिलेली.
दाराशी त्याने आधी बूट काढले,
मग जप्तीचा कागद.

प्रतिवादी: शिक्षण खाते.
वादी: अज्ञान सुभाष, तर्फे बाप गुणो वेळीप.
कायदा लहान मुलाला अज्ञान म्हणतो.
मी त्याला पहिलीत दहापर्यंत शिकवलं होतं,
बोटांवर.

फाटक कोसळलं त्याला आठ वर्षं झाली.
खाणवाल्यांनी दिलेलं, लोखंडी, शाळेपेक्षा मोठं.
सुटलेल्या बिजागरीला मी सुतळी बांधली
आणि पणजीला तीन पत्रं लिहिली.
तिसऱ्याला जावक क्रमांक का नाही,
सरकारी वकिलाने चारदा विचारलं.
चारही वेळा मी पंख्याकडे बघितलं.
खात्याविरुद्ध बोलल्याचा मेमो त्याच आठवड्यात आला,
तो मात्र क्रमांकासकट.

एक लाख ऐंशी हजार, वर सहा टक्के व्याज.
फाईल पर्वरीला आहे म्हणतात.
म्हणून इनासियो वर्गात फिरतोय, सात मुलांमधून वाट काढत:
टेबल एक, खुर्च्या दोन, कपाट, वजनकाटा,
पंखा (बंद, तरी लिहिला),
पृथ्वीच्या गोलापाशी अडला.
"बाई, हिची किंमत कितकी धरूं?"
अडखळत फिरते, म्हटलं. पन्नास धरा.
घंटेकडे त्याने बघितलं
आणि बघितलं नाही.

खाली बेरीज मांडली. चौथीतली शेवंती
त्याच्या कोपराखालून डोकावली:
"सायबा, तुमचा हातचा राहिला."
सगळे हसले. तोही, खोडत.
मीही हसले असते,
पण टेम्पोतून उतरून सुभाष दारात उभा होता,
नववीतला, मिसरूड फुटलेला,
सामान उचलायला आलेला.
बापाने पाठवलं की स्वतःहून, विचारलं नाही.

टेबलाची एक बाजू त्याने धरली, एक मी.
"बाई, सोडा, जड आहे," म्हणाला.
डाव्या हाताची तीन बोटं
कडेखाली घट्ट.

टेम्पो गेला. मुलं जमिनीवरच बसली.
फळा भिंतीचा, म्हणून वाचला,
वर सकाळचं गणित अर्धवट:
अठ्ठेचाळीस अधिक सदतीस.
आठ आणि सात पंधरा.
पाच खाली लिहिले,
आणि खडू हातात घेऊन
किती वेळ उभी होते, कोण जाणे,
शेवंती म्हणेपर्यंत,
"बाई, एक."