सतरा वेळा एंटर

रोसामेल कार्कामो, वय चौऱ्याहत्तर.
कास्त्रोच्या धक्क्यावर जन्मभर होड्या बांधल्या,
आता पुस्तक लिहिलंय.
पेन ड्राइव्ह पावाच्या पिशवीत गुंडाळून आणला,
वर खलाशाची गाठ. मला सुटेना.

फाइलमध्ये पानांचे आकडे हातानं टाकलेले,
समास स्पेसबार दाबदाबून.
मी म्हटलं, "ई-बुकात पान ठरलेलं नसतं, माएस्त्रो.
ज्याची जशी नजर तसं अक्षर,
अक्षर वाढलं की पान सरकतं."
"म्हणजे भरती-ओहोटी," तो म्हणाला
आणि खिडकीखालच्या ओल्या खांबांकडे बघत बसला.

तीन दिवस मी फाइल तासली.
ढलप्या काढल्या, अनुक्रमणिकेला दुवे जोडले.
पाचव्या प्रकरणात अडले.
*नेल्दा बोटीत चढली.*
त्याखाली सतरा रिकाम्या ओळी.
मग, *त्या साली सायप्रसचं लाकूड महागलं.*

फोन केला. "या ओळी काढते हं, चुकून पडल्यात."
पलीकडे रंधा थांबला.
"चुकून नाही. मोजून दाबल्यात."

आता ह्यांना कसं सांगू,
यंत्राला रिकामं दिसलं की ते गिळून टाकतं.
रात्री कोडात
न दिसणारी सतरा अक्षरं रोवली, खांबांसारखी.
वर काहीच बांधलं नाही.

मजुरी म्हणून धुरावलेले शिंपले मिळाले, डबाभर.

पहिली प्रत गेली ती पुंता आरेनासला.
कुणी घेतली, दुकान सांगत नाही.
माएस्त्रोनं पैशांचं विचारलंच नाही.
म्हणाला,
"तिकडे अक्षर केवढं ठेवलं असेल तिनं?"