कंदील

कुपवाडच्या शेडात रात्रपाळी.
गोणीवर छापलंय : सुधारित माती, पंचवीस किलो.
गोंडाअण्णा, आमचे वॉचमन, वाचून हसतात,
"हिला कुणी शाळेत घातली?"

नदीकाठच्या काळ्या रानासारखीच ही, अण्णा.
पाणी दिसलं की फुगायची,
उन्हात तडकायची.
हिच्या पापुद्र्यांत लांब शेपटीचा क्षार सारला,
तेव्हा पाण्याची ओढ सुटली
आणि प्लॅस्टिकशी बोलणं सुरू झालं.

तेही लगेच नाही.
पहिले तीन रोल नुसत्या गुठळ्या.
शिकलगारनं स्क्रूला शिव्या घातल्या,
दहा अंश उतरवले,
पहाटे कधीतरी पापुद्रा पापुद्र्यापासून सुटला.

आता या फिल्ममधून हवेला सरळ वाट नाही.
गणपती पेठेत घुसलेल्या ट्रकसारखी
इथं वळसा, तिथं वळसा.
आतली हळद वर्षभर पिवळी.

अण्णा स्टुलावर टेकतात.
"हरिपूरला पेवात उतरायचो मी.
तोंड उघडून दिवसभर थांबायचं,
मग दोराला बांधून कंदील सोडायचा.
विझला, की वर ओढायचा.
हळदीला काही होत नव्हतं.
तुकाप्पा मात्र थांबला नाही."

मशीन टिकटिकतं. प्राणवायूचा आकडा
काल होता त्याच्या निम्म्यावर.

"कंदील विझला म्हणायचा," अण्णा म्हणतात,
फिल्मचा तुकडा ट्यूबलाइटसमोर धरतात,
एक डोळा मिटून
त्यात माती शोधत राहतात.